शेजारी किती आणि कसले: पर्यटनाच्या धंद्याची जागा ठरवताना

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. बारा खोल्यांचं निवासस्थान काढायचं ठरलं आहे आणि दोन जागा नजरेत आहेत: एक ऐन हॉटेलांच्या दाटीत, दुसरी तिथून सहा किलोमीटर अलीकडे. गर्दीत जावं की लांब राहावं, असं विचारलं आहेस.

याचं झटपट उत्तर देणारे तुला पुष्कळ भेटतील. एक म्हणेल, बाजार भरतो तिथेच पाल ठोकावं. दुसरा म्हणेल, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. दोघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर दोघंही धोकादायक. एकसारखे धंदे एका जागी गोळा झाले, म्हणजे त्यांचा पुंजका झाला, की त्यातल्या प्रत्येकाची विक्री बहुधा वाढते. वाढलेल्या विक्रीतला नफा तुझ्या हातात उरेल की नाही, हा मात्र वेगळा हिशेब आहे. शेजारी तुझ्यापेक्षा वरच्या दर्जाचे आहेत की खालच्या, जागेचं भाडं त्या फायद्यातला किती वाटा आधीच गिळून बसलं आहे, आणि वर्षातल्या किती रात्री तो पुंजका काठोकाठ भरतो, या तीन गोष्टींवर तो हिशेब ठरतो. या तिन्ही गोष्टी करारावर सही करण्याआधी मोजता येतात.

आधी पुंजक्याला फायदा मुळात होतो का, ते पाहू. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये एकाच धंद्याचे लोक एका ठिकाणी का जमतात याची तीन कारणं मांडली: कसबी माणसं मिळतात, पूरक धंदे जवळ येतात, आणि एकाची युक्ती दुसऱ्याला कळायला वेळ लागत नाही. ते कारखान्यांविषयी लिहीत होते, पण तुझ्या धंद्यालाही हे लागू आहे. चादरी धुणारा दहा खोल्यांसाठी रोज गाडी पाठवणार नाही. तीनशे खोल्या एका रस्त्यावर असतील तर दिवसातून दोनदा पाठवेल. पाण्याचा पंप शनिवारी रात्री बिघडला, तर दुरुस्ती करणारा दहा मिनिटांच्या अंतरावर असणं आणि दोन तासांच्या अंतरावर असणं यात एका रात्रीच्या सगळ्या बुकिंगचा फरक पडतो.

पर्यटनात मात्र सगळ्यांत वजनदार कारण चौथं आहे आणि ते मागणीच्या बाजूचं आहे. कारखान्याचा माल गिऱ्हाइकाकडे जातो. इथे गिऱ्हाईक मालाकडे येतं, तेही माल न बघता पैसे भरून. त्याच्या मनात धाकधूक असते: खोली आवडली नाही तर? जिथे पन्नास पर्याय आहेत तिथे ही धाकधूक कमी होते, म्हणून तो आधी ठिकाण निवडतो आणि खोली नंतर. ठिकाणाचं नाव ही सगळ्या शेजाऱ्यांची सामाईक मालमत्ता असते. त्या नावाची जाहिरात तू एकट्यानं करायला गेलास तर आयुष्य पुरणार नाही. शिवाय भरलेल्या हॉटेलातून परत फिरलेला पाहुणा बाजूच्या दारात जातो, घरी जात नाही. हे उतू जाणारं गिऱ्हाईक लहान धंद्याच्या वर्षाच्या कमाईतला मोठा भाग असू शकतं.

आता दुसरी बाजू. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हॅरल्ड होटेलिंग यांनी १९२९ मध्ये एक सोपं चित्र मांडलं होतं: सरळ रस्त्यावर दोन विक्रेते, गिऱ्हाइकं रस्ताभर विखुरलेली. दोघंही सरकत सरकत मधोमध येऊन एकमेकांना चिकटतात. पुढे १९७९ मध्ये दास्प्रेमाँ, गाब्झेविच आणि तिस या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की या चित्रात किंमत ठरवायची मोकळीक धरली की गणित बिघडतं. अगदी शेजारी बसलेले दोन सारखे विक्रेते दर पाडत सुटतात आणि स्थिर तोल राहत नाही. खोलीच्या धंद्यात हे जास्तच खरं, कारण आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. संध्याकाळी सात वाजता रिकाम्या खोलीचा जादा खर्च फक्त चादर, साबण, वीज आणि साफसफाईचा असतो, म्हणून शेजारी त्या खर्चापर्यंत दर खाली आणायला तयार होतो. एकानं आणला की रांगेतल्या बाकीच्यांनाही आणावा लागतो.

तर मग दाटीतला माणूस तरतो कशानं? सारखेपणा कमी ठेवून. जोएल बॉम आणि हेदर हॅव्हमन यांनी मॅनहॅटनमधल्या हॉटेलांचा १८९८ ते १९९० असा दीर्घ काळ अभ्यासला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात एक बारकावा आहे, तो नीट लक्षात घे. नवी हॉटेलं दरानं सारख्या, पण आकारानं वेगळ्या हॉटेलांजवळ उभी राहिली. दर सारखा असल्यामुळे त्याच ऐपतीचं गिऱ्हाईक त्या भागात येत राहतं. आकार वेगळा असल्यामुळे गट वेगळे पडतात. दोनशे खोल्यांच्या हॉटेलाला परिषदेचं बुकिंग हवं असतं, बारा खोल्यांच्या घराला कुटुंब. म्हणजे एका बाबतीत जुळावं आणि दुसऱ्या बाबतीत हटकून वेगळं असावं. तुझ्या जागेसाठी हे एका ओळीत लिहून काढ: ‘माझं शेजाऱ्यांशी अमुक बाबतीत जुळतं, तमुक बाबतीत जुळत नाही.’ दुसरा अर्धा भाग लिहिता आला नाही, तर तिथे तुझा दर शेजारी ठरवणार.

याहून महत्त्वाचा प्रश्न देण्या-घेण्याचा आहे. पुंजका हा सामाईक हंडा आहे. त्यात काही जण ओततात, काही जण फक्त घेतात. चुंग आणि कॅल्निन्स यांनी २००१ मध्ये टेक्सासच्या हॉटेलांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं की साखळी हॉटेलं आणि मोठी हॉटेलं आजूबाजूला मागणी ओढून आणतात, तर त्याचा लाभ लहान आणि स्वतंत्र हॉटेलांना अधिक होतो. कनिना, एन्झ आणि हॅरिसन यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या १४,९९५ निवासस्थानांची आकडेवारी तपासली. स्वस्त दरावर चालणाऱ्यांना दर्जेदार शेजाऱ्यांचा फायदा झाला, तोही दर्जावर खर्च न करता. उलट आजूबाजूला स्वस्त दरवाल्यांची दाटी असेल तर दर्जावर खर्च करणाऱ्याची कमाई घसरली. शेव्हर आणि फ्लायर यांनी २००० मध्ये अमेरिकेत कारखाने काढणाऱ्या परदेशी कंपन्यांबाबत हाच कल दाखवला होता: ज्यांच्याकडे उत्तम तंत्र, माणसं आणि पुरवठादार असतात, ते दाटीपासून दूर राहण्याकडे झुकतात, कारण त्यांच्याकडून जाण्यासारखं पुष्कळ आणि त्यांना मिळण्यासारखं थोडं असतं.

तुझ्यासाठी याचा अर्थ असा. खोल्या साध्या, दर मध्यम, नाव अजून कोणी ऐकलेलं नाही, अशी स्थिती असेल तर दाटीत जा, आणि तुझ्याहून एक पायरी वरच्या शेजाऱ्यांजवळ जा. पण खोल्यांवर दुप्पट खर्च करून, शांतता विकून जास्त दर घ्यायचा बेत असेल, तर स्वस्त खोल्यांच्या गल्लीत तो दर टिकणार नाही. पाहुणा तुझा दर समोरच्या पाटीशी ताडून बघणार. तू पगार देऊन शिकवलेला स्वागतकक्षातला मुलगा सहा महिन्यांत रस्ता ओलांडून पलीकडे कामाला लागणार. मार्शल यांच्या यादीतला ‘कसबी माणसं मिळतात’ हा मुद्दा दुसऱ्या टोकानं पाहिला की ‘कसबी माणसं जातात’ असा वाचावा लागतो.

आता भाड्याकडे वळतो, कारण नवखे लोक सगळ्यांत जास्त इथेच फसतात. पुंजक्याचा फायदा जागामालकालाही ठाऊक असतो. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये जमिनीच्या खंडाबद्दल जे सांगितलं ते इथे जसंच्या तसं लागू पडतं: चांगल्या जागेचा जादा फायदा कसणाऱ्याकडे न राहता खंडात जातो. एक हिशेब मांडून दाखवतो. आकडे मी समजण्यापुरते धरले आहेत, त्यांच्या जागी तुझे घाल.

बारा खोल्या म्हणजे वर्षाला १२ गुणिले ३६५, अर्थात ४,३८० खोली-रात्री. लांबच्या जागेचा सरासरी दर १०० धरू आणि खोल्या ४५ टक्के भरतात असं मानू. विकलेल्या रात्री १,९७१ आणि विक्री १,९७,१००. दाटीत खोल्या ६२ टक्के भरतात, पण स्पर्धेमुळे दर ९० मिळतो. विकलेल्या रात्री २,७१६ आणि विक्री २,४४,४४०. विक्री तब्बल २४ टक्के जास्त! बहुतेक जण इथे वही मिटतात.

मिटू नकोस. प्रत्येक विकलेल्या रात्रीमागे धुलाई, वीज, बुकिंगची दलाली मिळून २५ खर्च धर. पगार दोन्हीकडे ८०,०००. भाडं दाटीत ७०,०००, लांब २५,०००. लांबच्या जागी पाहुण्यांना ने-आण करायला वर्षाला १०,००० जादा. दाटीतला हिशेब: २,४४,४४० वजा ६७,९००, वजा ७०,०००, वजा ८०,०००, उरले २६,५४०. लांबचा हिशेब: १,९७,१०० वजा ४९,२७५, वजा २५,०००, वजा १०,०००, वजा ८०,०००, उरले ३२,८२५. विक्री कमी असलेली जागा जास्त पैसे ठेवून गेली.

हाच हिशेब उलटा फिरवला की घासाघिशीचा आकडा हाती येतो. दाटीतलं भाडं ६३,७१५ असेल तर दोन्ही जागा सारख्या ठरतात. त्याच्या वर गेलास तर पुंजक्याचा फायदा तू मालकासाठी कमावतो आहेस. दर किती नाजूक असतो तेही बघ: दाटीतला दर ९० वरून ८५ झाला, म्हणजे जेमतेम साडेपाच टक्क्यांनी घसरला, तर उरणारी रक्कम २६,५४० वरून १२,९६० वर येते. निम्म्याहून कमी. म्हणून खोल्या किती भरल्या याच्या फुशारकीवर विश्वास ठेवू नकोस. भरण्याचं प्रमाण गुणिले सरासरी दर, म्हणजे प्रत्येक उपलब्ध खोलीमागचं उत्पन्न, हा आकडा माग, आणि त्यानंतर खर्च वजा जाता काय उरतं ते माग.

अंतराचंही तसंच आहे. ‘जवळ’ हा शब्द मीटरमध्ये मांडल्याशिवाय वापरू नकोस. माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, म्हणजे ४०० मीटर म्हणजे पाच मिनिटं. सामान ओढणारा माणूस याहून बराच हळू चालतो. उतू जाणारं पायी गिऱ्हाईक या पहिल्या वर्तुळातच संपतं. धुलाई, दुरुस्ती, पुरवठा यांचे फायदे काही किलोमीटरपर्यंत पोचतात. ठिकाणाच्या नावाचा फायदा तर त्याहून लांब जातो, कारण बुकिंगच्या नकाशावर तुझी जागा त्या नावाखाली दिसली की झालं. यातून एक मधला मार्ग निघतो, तो सहसा कोणी सुचवत नाही: नावाच्या आणि पुरवठ्याच्या पट्ट्यात राहायचं, पण पायी तुलनेच्या वर्तुळाबाहेर. तुझी सहा किलोमीटरवरची जागा या पट्ट्यात बसते का हे तपासण्यासारखं आहे. दीड-दोन किलोमीटरवर तिसरी जागा मिळत असेल तर तीही बघ. अंतर पक्ष्याच्या उड्डाणाचं मोजू नकोस. मध्ये नदी, रेल्वेचे रूळ किंवा ओलांडता न येणारा महामार्ग असेल तर ३०० मीटरवरचा शेजारी प्रत्यक्षात दोन किलोमीटरवर असतो.

एक दाटी आता पडद्यावरही असते. बुकिंगच्या यादीत पाहुणा दरानुसार क्रम लावतो तेव्हा रस्त्यानं लांब असलेली जागासुद्धा खालच्या ओळीत शेजारी होऊन बसते. म्हणून लांब गेलं की तुलना टळते, हे पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही. फोटो, परीक्षणांची संख्या आणि रद्द करण्याच्या अटी यांवर तुझं वेगळेपण त्या ओळीत दोन सेकंदांत कळलं पाहिजे.

महिन्यांचा मुद्दा. पुंजक्याचा फायदा वर्षभर सारखा वाटला जात नाही. भर सीझनमध्ये सगळे भरलेले असतात, दर चढे असतात, आणि शेजारी तुला गिऱ्हाईक पाठवतात. ऑफ सीझनला तेच शेजारी तुझं गिऱ्हाईक ओढतात. म्हणून वर्षाची सरासरी काढणं म्हणजे पावसाळा आणि उन्हाळा मिसळून हवामान सांगणं. त्यात घरगुती भाड्याच्या खोल्यांनी एक नवी भर घातली आहे: त्या सीझनमध्ये उगवतात आणि एरवी गायब होतात. झर्वास, प्रोसर्पिओ आणि बायर्स यांनी २०१७ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराबद्दल दाखवलं की एअरबीएनबी या घरगुती खोल्या ऑनलाइन भाड्यानं मिळवून देणाऱ्या सेवेमुळे तिथल्या सर्वाधिक फटका बसलेल्या हॉटेलांचं उत्पन्न ८ ते १० टक्क्यांनी घटलं. फटका मुख्यतः कमी दराच्या आणि व्यावसायिक प्रवाशांवर न चालणाऱ्या हॉटेलांना बसला. ज्या चार सणासुदीच्या रात्रींवर तू वर्षाचा नफा धरला आहेस, त्याच रात्री पुरवठा फुगतो आणि दर हवा तेवढा चढत नाही. हे हिशेबात आधीच धर.

आता पाहणी कशी करायची ते सांगतो. याला तीन महिने लागतील. एका शनिवार-रविवारच्या फेरीत होणारं काम हे नाही.

दोन्ही जागांभोवती तीन किलोमीटरचं वर्तुळ घे आणि त्यातलं प्रत्येक निवासस्थान तक्त्यात उतरव: अक्षांश, रेखांश, खोल्यांची संख्या, दर्जा, सुरू झाल्याचं वर्ष, साखळीतलं की स्वतंत्र. अक्षांश-रेखांश चार दशांश स्थळांपर्यंत घे. अक्षांशाच्या चौथ्या स्थळाचा फरक म्हणजे सुमारे ११ मीटर. एक चूक वारंवार होते: अक्षांशाचा एक अंश सर्वत्र सुमारे १११ किलोमीटर असतो, पण रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जाताना आकसतो आणि ६० अंश अक्षांशावर निम्मा होतो. दोन्ही सारखे धरून काढलेली अंतरं चुकतात. पाटी नसलेली, फक्त ऑनलाइन दिसणारी घरंही तक्त्यात आण. आणि गेल्या पाच-सहा वर्षांत बंद पडलेल्या जागांसाठी वेगळा रकाना कर. तो भरायला सगळ्यांत अवघड, पण कामाचा तोच. चालू असलेल्यांनाच मोजलंस तर प्रत्येक पुंजका भरभराटीचा दिसतो, कारण बुडालेले मोजायला हजर नसतात.

मग दरांची नोंद. पुढच्या बारा आठवड्यांतला एक मंगळवार आणि एक शनिवार अशा जोड्या निवड. प्रत्येक तारखेसाठी ३० दिवस आधी आणि ३ दिवस आधी, असं दोनदा किमान दर आणि उपलब्ध जागांची संख्या लिही. ३० दिवसांपूर्वी १०० असलेला दर ३ दिवस आधी ७० वर येत असेल तर तिथे घाबरट विक्री चालू आहे. तो चढत असेल तर पुंजका भरतो आहे आणि उतू जाणाऱ्या गिऱ्हाइकाला जागा आहे. मंगळवार आणि शनिवार यांतली दरी फार मोठी असेल, तर आठवड्यातल्या दोनच रात्रींवर चालणारा तो बाजार आहे. पाच रात्रींचे पगार कुठून द्यायचे हे आधी ठरव.

शेजाऱ्यांची विक्री कळायला थेट मार्ग नसतो. नव्या परीक्षणांची महिन्याची संख्या भागिले खोल्या, हा एक ढोबळ निर्देशक आहे. तो फक्त एकमेकांशी तुलना करायला वापर. नव्या जागा पाहुण्यांच्या मागे लागून परीक्षणं लिहून घेतात, म्हणून त्यांचा आकडा फुगलेला असतो. तुझी जागा सुरू झाल्यावर ‘न्याय्य वाटा’ मोज: पुंजक्यात ४०० खोल्या आहेत आणि तुझ्या १२, तर वाटा ३ टक्के. विकल्या गेलेल्या एकूण रात्रींत तुझा हिस्सा ३.६ टक्के असेल तर ३.६ भागिले ३, गुणिले १००, म्हणजे निर्देशांक १२० येतो. हाच निर्देशांक दरासाठीही काढ: तुझा सरासरी दर भागिले पुंजक्याचा सरासरी दर, गुणिले १००. पहिला १२० आणि दुसरा ८० असेल, तर तू जिंकत नाहीस, स्वस्तात खोल्या वाटतो आहेस.

तक्ता तयार झाला की २५०, ५०० आणि १,००० मीटरची वर्तुळं काढून प्रत्येकात किती खोल्या येतात ते मोज. हॉटेलांची संख्या मोजून भागत नाही. स्वस्त, मध्यम, महाग अशी विभागणी ठेव. वरच्या सगळ्या चर्चेचं सार याच कोष्टकात दिसेल: पहिल्या वर्तुळात तुझ्याच दर्जाच्या आणि तुझ्याच आकाराच्या किती खोल्या आहेत?

पुंजका खरोखर आहे की डोळ्यांना भासतो, यासाठी क्लार्क आणि इव्हान्स यांनी १९५४ मध्ये वनस्पतींच्या अभ्यासासाठी दिलेलं सूत्र वापरता येतं. प्रत्येक जागेपासून सर्वांत जवळच्या शेजाऱ्याचं अंतर काढ, त्याची सरासरी घे, आणि तिला ‘०.५ भागिले घनतेचं वर्गमूळ’ या अपेक्षित अंतरानं भाग (घनता म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे किती जागा, आणि अंतर किलोमीटरमध्ये). उत्तर १ च्या खाली आलं तर दाटी, १ च्या आसपास आलं तर योगायोग, वर गेलं तर विखुरलेलं. समज, ४ चौरस किलोमीटरमध्ये ३६ जागा आहेत: घनता ९, अपेक्षित अंतर १६७ मीटर. प्रत्यक्ष सरासरी ७० मीटर असेल तर उत्तर ०.४२. पण सीमा १६ चौरस किलोमीटरची आखलीस आणि बाहेर काहीच नसेल, तर घनता २.२५ होते, अपेक्षित अंतर ३३३ मीटर, आणि उत्तर ०.२१. ठिपके तेच, जागा तीच, दाटी मात्र दुप्पट! सीमा कोणी आणि का आखली हे विचारल्याशिवाय असला कुठलाही आकडा मान्य करू नकोस. सल्लागाराच्या अहवालातला तर मुळीच नको.

आणखी एक फसवणूक याहून खोल आहे. समुद्रकिनाऱ्याजवळची दाटीतली हॉटेलं जास्त कमावतात. पण ती दाटीमुळे की किनाऱ्यामुळे? चांगली जागा शेजारीही ओढते आणि पाहुणेही, त्यामुळे दोघांचं श्रेय एकमेकांत मिसळतं. सोडवायचा एक साधा उपाय असा: आकर्षणापासून सारख्याच अंतरावर असलेल्या, पण एक दाटीत आणि एक एकटी, अशा जोड्या शोध आणि त्यांचीच तुलना कर. त्याहून चांगला उपाय म्हणजे त्याच जागेची काळातली तुलना: शेजारी नवं मोठं हॉटेल उघडण्याआधीचं आणि नंतरचं वर्ष, किंवा एखादं बंद पडल्यानंतरचं. आणि तुझ्याकडे वीस-तीस जागांचीच माहिती असेल तर त्यावर समीकरणं चालवू नकोस. शेजारच्या जागांचे आकडे एकमेकांसारखेच असतात, त्यामुळे तीस जागा म्हणजे तीस स्वतंत्र पुरावे होत नाहीत. नकाशा, कोष्टक आणि पाच-सहा जोड्या एवढ्यावर अधिक प्रामाणिक निर्णय होतो.

मार्गदर्शक, सायकल भाड्यानं देणारे, नौकाविहार चालवणारे यांचं गणित वेगळं असतं, कारण ते एकमेकांना पूरक असतात. अर्ध्या दिवसाचे दोन वेगळे उपक्रम शेजारी असले की मुक्काम एका रात्रीनं वाढू शकतो. तू त्यांच्याजवळ गेलास तर बहुधा नुकसान नाही. तीन सारखे नौकावाले एका धक्क्यावर असले तर मात्र तिघांचे दर पडतात.

दाटीतली जोखीमही सामाईक असते. एकाच्या जागी आग लागली तर सगळ्या रस्त्याचं नाव खराब होतं. फिलिपिन्समधलं बोराके बेट सांडपाण्याच्या प्रश्नावरून २६ एप्रिल २०१८ पासून सहा महिने पर्यटकांसाठी बंद ठेवलं गेलं. ज्यांनी नियम पाळले होते त्यांचेही पाहुणे थांबले. बार्सिलोनानं २०१७ मध्ये निवासस्थानांसाठी विभागवार योजना आणली आणि शहराच्या गजबजलेल्या मध्यभागी नव्या परवानग्या रोखल्या. अशा ठिकाणी आधीपासून असलेल्याला संरक्षण मिळतं, नव्याला दार बंद होतं. भूगोलतज्ज्ञ रिचर्ड बटलर यांनी १९८० मध्ये पर्यटनस्थळाच्या आयुष्याचे टप्पे मांडले: शोध, सहभाग, विकास, स्थिरावणं, साचलेपण, आणि मग घसरण किंवा नवजीवन. तुझं ठिकाण यांपैकी कुठे आहे ते वाढीच्या वेगावरून ताडून पाहा. खोल्या पाहुण्यांपेक्षा भरभर वाढत असतील तर साचलेपण जवळ आलं आहे, आणि अशा वेळी दहा वर्षांचा करार करणं धाडसाचं आहे.

कराराबद्दल दोनच सूचना. भाडं दोन भागांत माग: थोडं ठरीव आणि उरलेलं विक्रीच्या टक्केवारीत, म्हणजे ऑफ सीझनचा भार मालकही उचलेल. तीन वर्षांनंतर आधीच ठरलेल्या वाढीनं करार पुढे नेण्याचा हक्क लेखी घे. नाहीतर तू आणलेल्या परीक्षणांमुळे आणि पाहुण्यांमुळे रस्त्याचा भाव चढेल आणि पुढच्या करारात तो तुझ्याकडूनच वसूल होईल. पाण्याची जोडणी, सांडपाण्याची क्षमता आणि आगीच्या वेळी गाडी आत येण्याइतका रस्ता, हे दाटीत आधी संपतात, म्हणून सहीपूर्वी स्वतः जाऊन बघ.

तक्ता भरून झाला की मला पाठव. बंद पडलेल्या जागांचा रकाना रिकामा असेल तर मात्र आधी तो भर, मग पाठव.

तुझा हितचिंतक